ग्रँड कॅनियन : वाळूवरून गेलेली पावलं

अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीच्या दक्षिण कड्यावर एक सपाट फरसबंद वाट आहे, तिचं नाव ‘ट्रेल ऑफ टाइम’. यावापाई भूशास्त्र संग्रहालयापाशी ‘आज’ धरायचा आणि चालायला लागायचं. एक मीटर म्हणजे १० लाख वर्षं. प्रत्येक मीटरवर जमिनीत ब्राँझची खूण बसवलेली आहे, आणि अधूनमधून दरीतल्या त्या त्या काळाच्या खडकाचा तुकडा मांडून ठेवलाय. त्यावरून हात फिरवायला कुणाची मनाई नाही. एकशेचौदा पावलं मोजून गेले तरी अजून डायनोसॉरच्याच काळात होते.

तिथेच एक वयस्कर गृहस्थ भेटले, सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. मुलगा एका खुणेवरून दुसरीवर उड्या मारत होता. मी खडकांचे फोटो काढतेय हे पाहून आजोबा स्वतःहून बोलायला लागले. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि समोरचे सगळे थर बायबलमधल्या नोआच्या काळातल्या एका महापुरात वर्षभरात साचले, असं त्यांनी मला अगदी शांतपणे सांगितलं. मी भूशास्त्र शिकलेली आहे असं कळल्यावर म्हणाले, “मग उद्या खाली उतराल तेव्हा नीट बघा.” त्यात टोमणा नव्हता. बघण्यावर त्यांचाही विश्वास होता आणि माझाही.

ते पुढे गेल्यावर मी मनातल्या मनात हिशेब केला. या वाटेवर सहा हजार वर्षं म्हणजे सहा मिलिमीटर. पेन्सिलीच्या जाडीहूनही कमी. पृथ्वीचं आजचं मान्य वय ४५४ कोटी वर्षं, म्हणजे याच मापाने साडेचार किलोमीटरची चाल.

सहा हजारांचा आकडा काही हवेतून आलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळी आणि प्राचीन राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सन पूर्व ४००४ मध्ये धरला. त्यांच्या काळात उपलब्ध होती ती सगळी साधनं त्यांनी मेहनतीने वापरली. खडक वाचायची विद्या तेव्हा जन्मायची होती. ती जन्मली तेव्हा तिच्या पहिल्या अभ्यासकांत धर्मगुरूही होते. केंब्रिजचे ॲडम सेजविक स्वतः पाद्री. इंग्लंडमधले गाळ-गोट्यांचे थर एकाच जागतिक महापुराचे आहेत असं ते आधी मानायचे, पण १८३१ मध्ये लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हे मत जाहीरपणे मागे घेतलं. देवावरची त्यांची श्रद्धा त्यामुळे गेली नाही. महापुराच्या कल्पनेला नव्याने जोर आला तो पुढे विसाव्या शतकात, विशेषतः १९६१ नंतर, जॉन व्हिटकॉम्ब आणि हेन्री मॉरिस या अमेरिकी लेखकांमुळे. तेव्हापासून या वादात ग्रँड कॅनियन साक्षीदारासारखी उभी केली जाते, दोन्ही बाजूंकडून.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच ब्राइट एंजल ट्रेलला लागले. वाट एका मोठ्या प्रस्तरभंगाला, म्हणजे दोन्ही बाजूंचे खडक सरकलेल्या भेगेला, धरून उतरते, त्यामुळे डावी-उजवीकडचे थर एका पातळीत नाहीत. सुरुवातीला कायबॅब चुनखडक, वय सुमारे २७ कोटी वर्षं. उथळ समुद्राचा तळ होता हा. स्पंज, शंखधारी ब्रॅकिओपॉड, देठावर फुलासारखे उभे राहणारे क्रिनॉइड, सगळे समुद्रातच जगणारे जीव. त्याखाली आणखी थोडं उतरलं की भिंत एकदम फिकट होते, जवळजवळ पांढरी. हा कोकोनिनो वालुकाश्म.

इथे मी बराच वेळ थांबले. कोकोनिनोत तिरपे थर आहेत, एकावर एक कापत गेलेले. वाऱ्याने ढकललेल्या वाळूच्या टेकड्या आतून अशाच दिसतात. महापूर मानणारे म्हणतात की ही पाण्याखालची वाळू आहे. पण या खडकात चार पायांच्या प्राण्यांसोबत विंचू आणि कोळ्यांच्या चालण्याचेही ठसे सापडतात. पृथ्वी बुडवणाऱ्या पुराच्या तळाशी, वरून शेकडो मीटर गाळ कोसळत असताना, विंचू वाळूच्या उतारावर निवांत चालत जाईल कसा? आणि कोकोनिनो काही तळाचा थर नाही. त्याच्या खाली शेकडो मीटर थर आहेत, वर पुन्हा समुद्राचा चुनखडक. म्हणजे वर्षभराच्या त्या पुराच्या ऐन मध्यावर एक कोरडं वाळवंट तयार व्हायला हवं, त्यात प्राणी राहायला हवेत, आणि मग पुन्हा समुद्र यायला हवा. माझ्या दृष्टीने सगळा वाद या एका भिंतीपाशी मिटतो.

खाली हर्मिटचा लाल थर, मग सुपाई, मग रेडवॉलचा उंच कडा. हा कडा मुळात राखाडी चुनखडकाचा, वरच्या थरांतून ओघळणाऱ्या पाण्याने लाल रंगलेला. तोवर गुडघे बोलायला लागले होते. हवासुपाई गार्डन्सला पाणी भरून घेतलं आणि सपाटीवरून प्लॅटो पॉइंटला पोचले.

प्लॅटो पॉइंटला आपण टेपीट्स वालुकाश्मावर बसतो. वय ५० कोटींच्या थोडं वर. खाली चारशे मीटरवर कोलोरॅडो नदी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळेकभिन्न, उभ्या पात्यांसारखे खडक. त्यांचं नाव विष्णू शिस्ट. शिस्ट म्हणजे दाबाने आणि उष्णतेने बदललेला, पापुद्र्यांचा खडक. एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी इथल्या शिखरांना पौर्वात्य देवांची नावं दिली आणि ती पुढे खडकांनाही मिळाली, ब्रह्मा आणि राम नावाचे शिस्टही इथे आहेत. इतक्या दूरच्या दरीच्या तळाशी ही नावं भेटली आणि मला खरंच भरून आलं.

विष्णू शिस्ट सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. आधी गाळ, मग जमिनीखाली वीसेक किलोमीटर खोल जाऊन दाबाने आणि उष्णतेने बदललेला, मग वर उचलला गेलेला, डोक्यावरचा सगळा डोंगर झिजून सपाट झालेला, आणि त्या सपाटीवर टेपीट्सची वाळू आडवी पसरलेली. दोन्हींच्या मधली रेघ मी बोटाने हवेत गिरवली. त्या रेघेत सुमारे १२० कोटी वर्षं हरवलेली आहेत. पुराने गाळ साचतो हे मान्य. पण तो आधी खडक होणं, खोल जाऊन भाजून निघणं, वर येणं आणि झिजणं, हे सगळं बारा महिन्यांत बसत नाही.

ही वयं अंदाजपंचे काढलेली नाहीत. झिरकॉन नावाच्या चिवट स्फटिकात युरेनियम अडकतं आणि अतिशय ठरलेल्या गतीने त्याचं शिसं होत जातं. त्यात युरेनियमचे दोन प्रकार असतात. एकाला निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसऱ्याला ७० कोटी. एकाच दाण्यात वेगवेगळ्या गतीची दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवतात तेव्हा ते वय पक्कं धरतात. अशीच घड्याळं उल्कांमध्ये वाचून क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं.

जीवाश्मांचा क्रमही पाहायचा. टेपीट्सवरच्या ब्राइट एंजल शेल या चिखलाच्या खडकात ट्रायलोबाइट हे नामशेष झालेले समुद्री जीव मिळतात, पण सरपटणाऱ्या प्राण्यांची पावलं नाहीत. ती येतात फार वर. आणि कड्यापासून तळापर्यंतच्या या थरांत डायनोसॉरचं एकही हाड नाही, कारण सगळ्यात वरचा थरही त्यांच्या आधीचा. एका पुराने सगळ्यांना एकदम गाडलं असतं तर सरमिसळ झालीच असती.

परतीच्या चढावर मला एक दगड शोधायचा होता. सुपाईतल्या ‘मनाकाचा’ नावाच्या थरातून वाटेशेजारी कोसळलेला हा धोंडा. रोज शेकडो लोक त्याच्या बाजूने जात होते, आणि २०१६ मध्ये एका भूशास्त्रज्ञाला त्यावरचे ठसे दिसले. २०२० मध्ये स्टीफन रोलंड आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय ३१ कोटी ३० लाख वर्षं, या दरीत सापडलेले पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे सर्वात जुने ठसे.

सकाळी उतरताना तो मला दिसलाच नव्हता. आता उन्हं कलली होती, आणि तिरप्या उजेडात प्रत्येक खळग्याच्या कडेला बारीक सावली धरली होती. दोन प्राणी, वेगवेगळ्या वेळी, वाळूच्या उतारावरून गेलेले. ठशांना हात लावायचा नाही, म्हणून मी तळवा वरच धरला. एक पाऊल, मग दुसरं, आणि त्यांच्यामधलं अंतर माझ्या बोटांत मावेल एवढं.

आजोबांना इथवर उतरणं जमलं नसतं. नातवाला आणखी चार-पाच वर्षांत जमेल. मी बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायले, सावल्या पुसट होईपर्यंत तिथेच बसले आणि मग उरलेला चढ चढायला लागले.