लुगड्याचं जाकीट, रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्याची ओली वाळू : दुसऱ्या फेरीची प्रगती

सहापैकी चार जाकिटं शिवून तयार, दोन अजून उसवलेल्या तुकड्यांत. तीन जणींचे फोटो पूर्ण. घरातल्या जुन्या सुती लुगड्यातून कॉलेजला रोज घालता येईल असं जाकीट करायचं, आणि ते घालणाऱ्या मुलीला स्वतःचा वाटेल असा तिचा फोटो काढायचा, हे काम. या फेरीत शिलाईपेक्षा उजेडाने जास्त दमवलं.

लुगडं निवडताना काठ बघून भुलायचं नाही. कापड खिडकीसमोर धरून दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायचं. तट्‌कन आवाज आला की तो भाग गेला. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिलेलं लुगडं नेमकं घडीवर विरतं, त्यामुळे मधलं कापड धड आणि ठरावीक अंतरावर विरलेले पट्टे असं निघतं. ते वगळून कमरेपर्यंतच्या जाकिटाला अडीच मीटर कापड पुरतं. नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटर, चांगली निघाली तर तिच्यात दोन जाकिटं बसतात.

अस्तराची मलमल रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. लुगडं असंख्य वेळा धुऊन आधीच आटलेलं असतं, नवी मलमल आटलेली नसते. ही पायरी गाळली की पहिल्याच धुण्यात अस्तर आखडतं आणि वरचं कापड पाठीवर फुगतं. सुई 11 नंबरची, दोरा सुती, टाका 3 मिलिमीटर. बारीक टाका मजबूत असेल असं वाटतं, पण जुन्या कापडात तो भोकांची रांग पाडतो आणि शिलाई पोस्टाच्या तिकिटासारखी सुटते. पहिल्या जाकिटाचा उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, असाच गेला. पॉलिस्टर दोराही नको, तो कापडापेक्षा ताकदवान असल्यामुळे ताण आला की दोरा टिकतो आणि कापड फाटतं. आता मुंढ्याला आतून 3 सेंटिमीटरची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावतो. नंतरच्या तिन्ही जाकिटांत एकही मुंढा सुटला नाही.

खिशावर तडजोड नाही. मुलींच्या तयार कपड्यांत तो नसतो, किंवा दोन बोटं बुडतील एवढाच असतो. आपला खिसा : तोंड 16 सेंटिमीटर, खोली 22, म्हणजे फोन आत पूर्ण उतरतो. तो मलमलीचा केला तर फोनच्या वजनाने ओघळतो आणि पुढचा काठ तिरका दिसतो. म्हणून खिशाला जाड मांजरपाट, आणि त्याची वरची कड बगलेच्या शिलाईत तसंच पुढच्या पट्टीत अशी दोन्हीकडे धरायची. याचा फायदा फोटोतही दिसतो. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की हातांचं काय करायचं हे कळत नाही आणि खांदे आवळले जातात. हात खिशात गेले की खांदे आपोआप उतरतात.

आता उजेड. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सगळं गणित ठरलेलं आहे. मागे निळा समुद्र हवा असेल तर सकाळी जा, पूर्वेचा उजेड तिच्या चेहऱ्यावरही पडतो आणि पाण्यावरही. संध्याकाळी समुद्र पाठीशी घेतलात तर चेहरा काळवंडणार, मग पांढरा पुठ्ठा धरावाच लागतो. थर्माकोल नको, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तो मोडतो. नाहीतर तिलाच समुद्राकडे तोंड करून उभं करा आणि मागे भाट्याचं सुरूबन घ्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, त्याआधीची चाळीस मिनिटं सोन्यासारखी.

त्या वेळी वाळू ओली हवी असेल तर पंचांग बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते : चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, पण बेत ठरवायला एवढं पुरतं. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी उभं राहायला जागाच नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास मात्र भरती दुपारी बाराच्या आसपास येऊन जाते आणि संध्याकाळी लांबवर आरशासारखी ओली वाळू उघडी पडते. जाकिटाच्या काठाचा लाल रंग तिच्यात उतरतो.

मांडवी किनाऱ्याची काळी वाळू कॅमेऱ्याला फसवते. चौकटीत काळं जास्त म्हणून तो सगळंच उजळवतो आणि चेहरा भुरका होतो, तिथे एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) −0.7. मागे चमकतं पाणी असेल तर उलट, +1. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा. जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून उभं राहणं छान दिसतं, पण सावलीत तो दगड गालावर तांबूस झाक टाकतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगांची जुळवणी) ती झाक काढायला जाऊन काठाचा रंग बिघडवतो. गडग्यापासून दोन मीटर पुढे उभं करा आणि व्हाइट बॅलन्स 5500 केल्व्हिनला पक्का ठेवा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने जवळून काढलं तर नाक मोठं आणि पाय आखूड दिसतात. मागे सरकून 2x वापरा, फोन तिच्या छातीच्या उंचीवर. वाऱ्यात उडणारा पदर किंवा ओढणी स्पष्ट हवी तर शटर 1/1000.

सर्वांत महत्त्वाचं : ब्यूटी मोड शून्यावर. बऱ्याच फोनांत तो आधीपासून चालू असतो, त्वचा गुळगुळीत करतो आणि रंग उजळवतो. सावळी मुलगी स्वतःच्या आजीचं लुगडं अंगावर घेऊन उभी आहे आणि फोन तिचा रंगच बदलतो, हे चालणार नाही. एडिटिंगमध्येही ऑरेंजची ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) पट्टी वर सरकवायची नाही, त्वचेचे बहुतेक रंग तिथेच असतात. चेहरा अंधारा वाटला तर उजेड वाढवा, पुठ्ठा जवळ आणा. तपासायचं कसं? तिचा हात स्क्रीनशेजारी धरायचा. दोन्ही रंग जुळले की फोटो तयार.

दर वीस फ्रेमनंतर कॅमेरा तिच्या हातात द्यायचा. नको ते तिने तिथेच पुसायचे. शेवटचे तीन तीच निवडते, आणि ते कुठे टाकायचे की कुठेच नाही, हेही तिचंच. फोनचं लोकेशन आधी बंद.

घरी आल्यावर कॅमेरा ओलसर कापडाने पुसायचा. कोरड्या कापडाने मीठ आणि वाळूचे कण काचेवर घासले जातात. लेन्स किनाऱ्यावर बदलायची नाही. इथल्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून वाळवायचे.

उरलेल्या दोन जाकिटांच्या खिशांना आमसुलाचा रंग द्यायचा बेत सोडला. नमुन्याच्या पट्टीवर जांभळट लाल सुरेख आला, पण साबण लागताच हिरवट करडा झाला. पुढच्या वेळी कांद्याच्या सालीचा रंग आणि कापडाच्या वजनाच्या 15 टक्के तुरटी.