रबर, ओव्हन आणि फॉर्ममधला एक रकाना

नायट्राइल रबराच्या सीलला मंजुरी मिळवायला मला महिना लागला. त्यातले जेमतेम आठ दिवस रबर ओव्हनमध्ये होतं. बाकीचे दिवस मी फॉर्मच्या एका रकान्यात अडकलो होतो.

शीट काढणं, त्यातून डंबेल (दोन्ही टोकांना रुंद, मध्ये अरुंद अशा ओढून बघायच्या पट्ट्या) कापणं, सगळं सुरळीत झालं. लॅबच्या फॉर्मवर रकाना होता, 'तापमान'. गिऱ्हाइकाने 100 अंश सांगितलं होतं, मी 100 लिहिलं. आठवड्याने रिपोर्ट आला. ताकद थोडीशीच कमी झालेली, तुटेपर्यंत लांबणं कमी, हार्डनेस (कडकपणा) 70 वरून 76. मी खूश. गिऱ्हाइकाने दोन मिनिटांत परत पाठवला: "आम्हाला 100 अंशांवर असताना रबर किती ओढ सहन करतं ते हवंय. तुम्ही 100 अंशांत ठेवून, गार करून ओढलंय."

आता या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते तेव्हा डोक्यात शिरलं. गरम असताना रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या सैल होतात, एकमेकींवरून सहज सरकतात, बारीकशी चीर भराभर पुढे पळते. ताकद निम्म्याच्याही खाली येऊ शकते. पण गार केलं की यातलं बरंचसं परत येतं. ओव्हनमध्ये 70 तास ठेवलं की मात्र हवेतला ऑक्सिजन कामाला लागतो. नायट्राइलमध्ये साखळ्यांना नवे सांधे पडतात, ते कडक होत जातं, आणि हे परत येत नाही. नैसर्गिक रबराचं बहुधा उलट होतं: साखळ्या तुटतात आणि ते आधी मऊ, चिकट होतं.

लॅबच्या काउंटरवर हे सांगितलं तर उत्तर आलं, "सर, तापमान म्हणजे तापमान." मग मी रकान्यात '100 अंशाला चाचणी' असं लिहिलं. त्यांच्या लेखी चाचणी म्हणजे एजिंग, म्हणजे ओव्हनमध्ये तापवत ठेवून रबर म्हातारं करणं. पुन्हा 70 तास ओव्हन, पुन्हा गार, पुन्हा तोच प्रकार! वर या वेळी हार्डनेस 79. कंपाउंड (रबराचं मिश्रण) तेच, बॅच तीच. पिशवी उघडली तर माझ्या डंबेलना गंधकाचा वास. म्हणजे शेजारच्या जाळीवर कुणाचं तरी गंधक जास्त असलेलं कंपाउंड ठेवलं असणार. वेगवेगळी कंपाउंड एकाच ओव्हनमध्ये तापवायची नसतात, एकातून उडालेलं दुसऱ्यात शिरतं. मी विचारलं तर म्हणाले, जागा नव्हती.

तिसऱ्या खेपेला मी फॉर्मच्या कडेला दोन ओळी लिहिल्या: 'एजिंग नको. नमुना चेंबरमध्ये 100 अंशांवर तापवून, तापलेला असतानाच ओढा.' आणि चेंबर चालवणाऱ्या मुलीलाच जाऊन भेटलो. तिला एका वाक्यात कळलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

वाट बघताना एक गंमत करून पाहिली. रबरबँडला वजन लटकवून त्यावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडली. वजन खाली यायच्या ऐवजी वर गेलं! जॉन गॉफने हे 1805 सालीच नोंदवलं होतं. ताणलेलं रबर तापलं की आक्रसतं, म्हणजे त्या अर्थाने ते गरम झाल्यावर ताठच होतं. तुटायची ताकद ही वेगळी भानगड. 'उष्णतेने रबर मऊ होतं' एवढ्यावर थांबणाऱ्यांना हा प्रयोग जरूर दाखवा.

आठवलं म्हणून सांगतो, एजिंग करायचंच असेल तर जाडी ओव्हनमध्ये टाकण्याआधी मोजा, पण लांबणं मोजायच्या खुणेच्या रेघा बाहेर काढल्यावर मारा. काही शायांचा रबरावर परिणाम होतो. बाहेर काढल्यावर लगेच ओढू नका, किमान 16 तास थांबा. आणि कॉम्प्रेशन सेट, म्हणजे दाबून सोडल्यावर रबर किती दबलेलंच राहतं ते, विसरू नका. सीलचं खरं काम दाबलेल्या अवस्थेत असतं. साधारण 25 टक्के दाबून तापवतात, सोडल्यावर अर्धा तास थांबून जाडी बघतात. माझ्या पहिल्या शीटचा निकाल याच चाचणीत वाईट होता, आणि मी ताकदीचा आकडा कुरवाळत बसलो होतो.

मंजुरी आली. परवा पुढच्या बॅचसाठी गेलो, फॉर्म तोच, रकाना एकच. कडेच्या दोन ओळी आता मी घरूनच छापून नेतो आणि फॉर्मला टाचतो.