तुम्ही विचारलंत म्हणून: ड्युटीवर देवाची जाणीव कशी राहते?

"सिस्टर, दिवसभर देवाची जाणीव ठेवता म्हणजे नक्की काय करता?" हे वॉर्डातले नातेवाईक विचारतात, चर्चच्या मंडळीतल्या पोरी विचारतात, आणि आता तर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला उभं राहा म्हणून सांगितलंय. साक्ष म्हटली की लोकांना गोड शेवट लागतो, तो माझ्याकडे नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

करते ते अगदी साधं आहे. 500 मिलीची सलाईन आठ तासांत द्यायची तर नेहमीच्या सेटवर मिनिटाला साधारण 21 थेंब पडायला हवेत, ते घड्याळ बघत मोजायचे, रोलर जरासा फिरवायचा, परत मोजायचे. मोजताना प्रार्थना करत नाही, तिथे लक्ष पेशंटकडेच. पण मोजून झालं की पुढच्या बेडकडे जाताना श्वास घेत "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडत "मज पाप्यावर दया कर". पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांची ही फार जुनी प्रार्थना, त्यातली दयेची विनवणी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदाराची. हात धुताना पण तेच, साबणाने नीट धुवायचे तर 40 ते 60 सेकंद लागतातच. ड्युटीवर देवधर्म नको म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की काम सोडून मी कुठेही जात नाही. प्रेषित पौलाने बायबलमधल्या पत्रात थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला निरंतर प्रार्थना करा म्हणून लिहिलं, त्याच पत्रात आपल्या हातांनी काम करा असंही लिहिलंय.

पण तुमचा खरा प्रश्न पुढचा असतो, की जाणवतं का?

पप्पांच्या शेवटच्या रात्री त्यांच्याजवळ मीच होते. आयुष्यभर पहाटे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणणारा माणूस, मला ही छोटी प्रार्थना त्यांनीच शिकवलेली. श्वासात खंड पडायला लागला होता, त्याचा अर्थ मला कळत होता, नर्स असण्याचा तो एक त्रास. मध्यरात्रीनंतर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "आहे का गं तो इथे?" मी शोधलं, खरंच शोधलं. ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे ऐकू येत होते, बाकी काही नाही. म्हटलं, "मला जाणवत नाहीये पप्पा." दादा माझ्याकडे बघतच राहिला. नंतर म्हणाला, हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? काय बिघडलं असतं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण त्यांच्याशी देवाच्या नावाने खोटं बोलणं मला जमलं नसतं.

पप्पा जरा वेळाने म्हणाले, "मग तू बोल त्याच्याशी. मला ऐकू दे." मी त्यांच्या श्वासाबरोबर बोलत राहिले. श्वास आला की पहिले शब्द, गेला की पुढचे, मध्ये खंड पडला की मीपण थांबायची, छाती परत हलेपर्यंत. उजाडायच्या आधी ती हललीच नाही. लोक म्हणतात तशी शांती वगैरे काही उतरली नाही.

नर्सिंगला असताना मला वाटायचं की जाणीव म्हणजे ऊब, ती नसेल तर प्रार्थना पोचलीच नाही. त्या मुलीला आज मी सांगेन की तसं नसतं, आणि ती विचारेल, मग पोचली हे तुला कशावरून कळलं? याला माझ्याकडे उत्तर नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स, ज्यांचं नाव या बाबतीत सगळे घेतात, त्यांनीसुद्धा पत्रात लिहिलंय की पहिली दहा वर्षं फार यातनेत गेली. लोक त्यांची भांडी सांगतात, ती दहा वर्षं कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

कधीकधी जाणवतं, हे पण खरंय. तापाने फणफणलेल्या पोराचं अंग पुसताना एकदम कळतं की खोलीत आम्ही दोघंच नाही. ते आणता येत नाही आणि धरूनही ठेवता येत नाही.

त्या रात्री तू कुठे होतास, हे मी अजून त्याला विचारते, दुपारच्या राउंडला, दोन बेडच्या मधल्या जागेत. प्रार्थना सोडलीस का म्हणून विचारणाऱ्यांनी हेच उत्तर धरावं.