आज गप्प बसायचं ठरवलं होतं

दर रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत तरुण संघातल्या एका मुलासोबत बसतो. पाळकसाहेबांनी आधीच बजावलेलं, 'प्रवचन देऊ नकोस, त्याच्यासोबत चाल.' पण सवय कुठं जाते! गेले तीन रविवार मीच बोलतोय आणि तो बिचारा वहीत वचनं उतरवतोय.

आज बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 10वा अध्याय वाचला. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडतोय. त्याला काय हवंय ते कुणालाही कळेल, तरी येशू त्यालाच विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? म्हटलं, आपणही विचारावं आणि थांबावं.

थांबणं फार अवघड हो. चहावर साय धरली. मग तो हळूच म्हणाला, "दादा, पप्पांशी वर्षभर बोललो नाही. प्रार्थनेत त्यांचं नाव आलं की पुढचं सुचत नाही."

मत्तय 18 मधली क्षमेची वचनं अगदी जिभेवर होती. गिळली. एवढंच विचारलं, "मग या आठवड्यात काय करशील?"

बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत राहिला. "बुधवारी फोन करतो. नाही उचलला तर गुरुवारी परत."

या वेळी वहीत मी लिहून घेतलं. बुधवारी त्याच्यासाठी प्रार्थना करा. नाव विचारू नका.