कमरेला पिस्तूल लावून दिवस काढायचा म्हणजे

पिस्तूल म्हटलं की आपल्याकडे आठवते ती पेपरातली चार ओळींची बातमी: गावठी कट्टा आणि तीन जिवंत काडतुसं जप्त. टेक्ससमध्ये वाणसामानाच्या दुकानात तुमच्या पुढे उभा असलेला, हातात दूध आणि पाव घेतलेला साठीचा गृहस्थ शर्टाखाली भरलेलं पिस्तूल लावून आलेला असू शकतो, आणि त्यात बेकायदा काही नसतं. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला त्यासाठी परवानाही लागत नाही. देशी मंडळींतही, विशेषतः रात्री उशिरापर्यंत मोटेल किंवा पेट्रोल पंपाचं दुकान चालवणाऱ्यांत, हे नवीन राहिलेलं नाही.

नेम धरायला शिकणं त्यातला सोपा भाग. काही आठवडे रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, घालवले की सात यार्डांवरच्या कागदावर गोळ्या बऱ्यापैकी एका जागी पडू लागतात. जमायला वेळ लागतो तो अर्ध्यापाऊण किलोचा ऐवज अंगावर घेऊन दिवसभर वावरण्याला: गाडीत बसणं, वाकणं, संडासला जाणं, मुलाला उचलून घेणं, आणि यातलं काहीही करताना हात तिकडे न जाऊ देणं.

आधी कागदपत्रांचं. एच-वन, एल-वन, एफ-वन किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच वापरावेत. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना हौसेने रेंजवर नेऊन पिस्तूल हातात देणं ही त्यामुळे गंमत नसते. हातात घेणं म्हणजेच ताबा, असं कायदा धरू शकतो. ग्रीन कार्ड असलं की बंदूक घेता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, मग पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं, किंवा व्हिसावरच्या मित्रासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं, हे थेट तुरुंगाचं काम.

टेक्ससमध्ये परवान्याची सक्ती नसली तरी तो काढावा, असं आम्ही नवख्याला ठामपणे सांगतो. चार ते सहा तासांचा वर्ग आणि ५० गोळ्यांची परीक्षा: तीन यार्डांवरून २०, सात यार्डांवरून २०, पंधरा यार्डांवरून १०. २५० पैकी १७५ गुण मिळाले की उत्तीर्ण. परीक्षा तशी सोपीच. परवान्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या पट्ट्यात बंदूक नेण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते. परवाना नसेल तर उपनगरातल्या रस्त्यावरून नुसती गाडी चालवतानाही हा पट्टा कितीदा ओलांडला जातो, ते नकाशा उघडून बघा. शिवाय ओक्लाहोमा, लुइझियाना अशी शेजारची राज्यं हा परवाना मानतात. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क मानत नाहीत.

पिस्तूल कोणतं घ्यावं यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, तेवढं त्यात काही नाही. नऊ मिलिमीटरचं, नावाजलेल्या कंपनीचं, आपल्या हाताच्या मापाचं घ्यावं. सिग पी-३६५ रिकामं असताना जेमतेम अर्धा किलो भरतं, ग्लॉक १९ भरल्यावर साधारण ८५० ग्रॅम. लहान पिस्तूल लपतं छान, पण हाताला झटका जास्त देतं. मनगट ढिलं राहिलं तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, पूर्ण मागे जात नाही आणि काडतुसाचं रिकामं पितळी केस, म्हणजे कवच, बाहेर फेकलं जाण्याऐवजी मध्येच उभं अडकतं. नवखे दोष पिस्तुलाला देतात; सरावलेल्या माणसाने त्याच पिस्तुलातून मॅगझिनभर (मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) गोळ्या झाडून बघितल्या की दोष कुठे आहे ते कळतं. सरावासाठी साध्या तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या आणि अंगावर बाळगायला पोकळ टोकाच्या. पोकळ टोक आत गेल्यावर फुलतं, वेग हरवतं, आणि गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. त्या महाग असतात म्हणून लोक एकही न झाडता तशाच भरून ठेवतात. निदान ५० तरी आपल्याच पिस्तुलातून झाडून बघाव्यात. काही पिस्तुलांना काही गोळ्यांचं टोक रुचत नाही आणि ते चेंबरच्या, म्हणजे झाडायचं काडतूस बसतं त्या खोबणीच्या, तोंडाशी अडतं.

पैसे खर्च करायचे ते होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आणि कमरेच्या पट्ट्यावर. पिस्तुलावर शेकडो डॉलर घालून होल्स्टर मात्र पंधरा डॉलरचं, मऊ कापडाचं, 'सगळ्या मापांना बसणारं' घेतलं, हे वारंवार दिसतं. तसल्या होल्स्टरमधून ट्रिगरवर बाहेरून दाब येऊ शकतो, आणि पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटतं. चांगलं होल्स्टर आपल्याच मॉडेलच्या साच्यावर घडवलेल्या कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं असतं. त्याने ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे, आणि पिस्तूल रिकामं करून होल्स्टर उलटं धरलं तरी ते खाली पडता कामा नये. पट्टा दीड इंची, आत ताठ पट्टी असलेला. साधा ऑफिसचा पट्टा दुपारपर्यंत लोंबतो, मग पिस्तुलाची मूठ शरीरापासून बाहेर कलते आणि शर्टावर तिचा उंचवटा दिसतो.

जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात: बेंबी म्हणजे बारा, उजवी कंबर म्हणजे तीन. उजव्या हाताने वापरणारे बहुतेक जण एक वाजता किंवा साडेतीन-चार वाजता लावतात. एक वाजता लपतं उत्तम आणि हात पटकन पोचतो, पण नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या दिशेने असते, त्यामुळे चुकीला माफी नाही. चार वाजता बसायला जरा सुसह्य, पण वाकलं की मूठ पाठीतून वर येते. नवख्याने साडेतीनपासून सुरुवात करावी, असं आमचं मत. पोट सुटलेलं असेल तर त्याला बहुधा पर्यायही नसतो. लपवायला सगळ्यात अवघड नळी नसते, मूठ असते. होल्स्टरवर एक छोटा पंखासारखा तुकडा बसवता येतो. तो पट्ट्याला आतून टेकतो आणि मुठीला पोटाकडे वळवतो. पँट कंबरेत एक-दोन इंच सैल घ्यावी. अंगाबरोबरचा एकरंगी टी-शर्ट सगळं उघड करतो, चौकड्यांचा सैल शर्ट झाकतो. झब्बा वरून बरा दिसतो, पण त्याच्या लांबीमुळे हात पिस्तुलापर्यंत पोचायला नको इतका वेळ लागतो, आणि नाडीच्या सुरवारीवर तर काहीच टिकत नाही. सणावारी सरळ घरी ठेवावं.

पहिले दोन आठवडे घरातच, रिकाम्या पिस्तुलानिशी. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. मॅगझिन काढायचं, स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचा, मग करंगळी घालून चाचपायचा, आणि हे दोनदा. आता स्ट्रायकर (काडतुसावर आपटून गोळी सोडणारी सुई) ताणलेला, चेंबर रिकामा, अशा अवस्थेत पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून दिवसभर वावरायचं: भांडी घासा, जिने चढा, सोफ्यावर लोळा. रात्री होल्स्टर कमरेवरून काढून ट्रिगर बघायचा. ग्लॉकमध्ये ट्रिगर पुढे उभा असेल तर स्ट्रायकर अजून ताणलेलाच आहे. मागे बसलेला असेल तर दिवसात कधीतरी तो दाबला गेला. रोज तो पुढेच सापडतो, आणि 'आपोआप सुटेल की काय' ही धास्ती याने जितकी जाते तितकी कुणाच्या सांगण्याने जात नाही. मागे सापडला तर दोष बहुधा होल्स्टरचा. ते फेकून द्यायचं.

आपोआप सुटत नसेल तर अपघात होतात कधी? बहुतेक पिस्तूल परत ठेवताना. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची नाडी होल्स्टरच्या तोंडात जाते, माणूस पिस्तूल खाली दाबतो, आणि ट्रिगर त्या कापडावर दाबला जातो. म्हणून बाहेर काढताना घाई चालेल, ठेवताना कधीच नाही. डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर, बोट ट्रिगरपासून दूर सरळ पिस्तुलाच्या चौकटीवर, नजर होल्स्टरच्या तोंडाकडे. पुढे लावत असाल तर कंबर पुढे काढून नळी शरीरापासून बाहेर वळवायची. जराही अडलं तर तिथेच थांबायचं. त्याहून बरं म्हणजे सकाळी पिस्तूल टेबलावर होल्स्टरमध्ये घालून, मग दोन्ही एकत्र कमरेला अडकवणं.

सार्वजनिक संडास हा या छंदातला सगळ्यात कमी चर्चिलेला आणि सगळ्यात गोंधळाचा विषय. पट्टा सोडला की वजनाने सगळं खाली जातं आणि शेजारच्या कप्प्यातून दिसतं. लोक मग पिस्तूल काढून टाकीवर किंवा टॉयलेट पेपरच्या डब्यावर ठेवतात आणि तिथेच विसरून निघून जातात. ते होल्स्टरमधून काढायचंच नाही. पँट गुडघ्यांपर्यंतच उतरवायची, गुडघे फाकवून ती ताणून धरायची, पट्टा परत अडकवायचा, म्हणजे पिस्तूल पँटच्या पोटात राहतं. ऐकायला विनोदी वाटेल, पण हेही घरी करून बघावं.

पुढची खोड म्हणजे चाचपणं. नवखा दर दहा मिनिटांनी कोपराने किंवा तळव्याने बघतो, आहे ना जागेवर. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या लोकांना उंचवटा दिसत नाही, हा चाळा मात्र दिसतो. खाली पडलेलं उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत बसावं. वरच्या फळीवरचं डाव्या हाताने काढावं. गळाभेटीत आपले हात खालून घालावेत, म्हणजे समोरच्याचे हात आपोआप खांद्यांवर जातात.

रात्री रोज गोळ्या काढून सकाळी परत भरणारे एक गोष्ट विसरतात. वरचं तेच ते काडतूस चेंबरकडच्या उतारावर पुन्हा पुन्हा आपटलं की गोळी पितळी केसमध्ये मागे सरकते. आतली जागा कमी होते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. ते काडतूस नव्याशेजारी उभं करून बघा. बुटकं दिसलं तर वापरू नका. त्यापेक्षा होल्स्टरसकट पिस्तूल जमिनीला किंवा भिंतीला ठोकलेल्या तिजोरीत ठेवणं सोपं. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं गुन्हा आहे. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात घामाने स्लाइडवर गंज धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा तेलाचा हात. आणि होल्स्टरचे स्क्रू चालून चालून ढिले होतात, त्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू घट्ट धरून ठेवणारा डिंक.

बाहेर पडल्यावर दारं वाचायची सवय लागते. टेक्ससच्या दंडसंहितेच्या ३०.०६ कलमाची, इंग्रजी आणि स्पॅनिश ठळक अक्षरांतली पाटी असेल तर लपवलेलं पिस्तूलही आत न्यायचं नाही. पाटीवर लाल ५१ हा आकडा दिसला की तो दारूच्या विक्रीवर चालणारा बार. कोर्ट, मतदानाच्या दिवशी मतदान केंद्र आणि व्यावसायिक सामना चालू असलेलं मैदान, म्हणजे ग्रँड प्रेअरीचं क्रिकेट स्टेडियमही, वर्ज्य. आपल्या लोकांची गफलत होते ती गणेशोत्सवात. मंडळं बरेचदा हायस्कूलचं सभागृह भाड्याने घेतात. कार्यक्रम आरतीचा असला तरी इमारत शाळेचीच. ऐनवेळी पिस्तूल गाडीत टाकून आत जाणं हीच चोरांची पर्वणी. नाइलाजच असेल तर सीटखालच्या लोखंडी पट्टीला तारेने बांधलेली छोटी पेटी हवी, आणि पिस्तूल त्यात टाकायचं ते निघतानाच, पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर नव्हे.

पोलिसाने गाडी थांबवली तर आतला दिवा लावायचा, खिडकी खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर. ओळखपत्र मागितलं की परवानाही दाखवायचा, पण हात खिशाकडे नेण्याआधी बोलायचं: 'माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, तुम्ही सांगाल तसं करतो.' 'गन' हा शब्द वाक्यात पहिला येऊ द्यायचा नाही. आणि रस्त्यावरच्या भांडणात, पार्किंगच्या हुज्जतीत, शर्ट नुसता वर करून दाखवणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं. कमरेला पिस्तूल असलेल्याने उलट शिवी गिळून निघून जायला शिकायचं असतं. जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका समोर उभा नसेल तर ते बाहेर येतच नाही. दारू प्यायची असेल त्या संध्याकाळी ते तिजोरीतच.

विमानतळांवर २०२३ मध्ये अमेरिकेच्या तपासणी नाक्यांवर ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक भरलेल्या. 'बॅगेत होती, विसरलो' हेच बहुतेकांचं उत्तर. भारतात येणाऱ्यांसाठी तर एक सुटं काडतूसही पुरेसं आहे: मुंबईच्या विमानतळावर ते एक्स-रेमध्ये दिसलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाणं गाठावं लागतं, आणि अमेरिकेतला परवाना तिथे कामाचा नाही. म्हणून रेंजची बॅग वेगळी, भडक रंगाची, गॅरेजबाहेर दुसऱ्या कुठल्याच कामाला न जाणारी असावी. रेंजवर उडालेली रिकामी केसं हुडीच्या टोपीत, खिशात, बुटात जाऊन बसतात; तेच जॅकेट पुण्याच्या थंडीसाठी भरायचं असेल तर आधी सगळे खिसे उलटे करून झटकून घ्या.