आमची वाटचाल : हुपरीची मुलगी, ग्युमरीचे वार्पेत

आमची वाटचाल लिही म्हणून मुलगी दोन वर्षं मागे लागलीये, आमच्या दागिन्यांच्या ऑनलाइन दुकानाचं ते पान रिकामं दिसतं म्हणे. तर लिहिते. लांबलं तर लांबलं.

मी मूळची हुपरीची. हुपरी म्हटलं की पुढचं सांगायला नको, घरात भिंतीपेक्षा चांदी जास्त. बाबांचं पैंजणाचं काम, मी आणि भाऊ शाळेतून आलो की कड्या जोडायला बसायचो. लग्नानंतर यांच्या नोकरीमुळे 2012 ला आर्मेनियात, येरेवानला आलो. आर्मेनियाबद्दल मला एवढंच माहीत होतं की मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटवर त्यांचं एक चर्च आहे, तेही मावशी त्या बाजूला कामाला जायची म्हणून.

इथे शनिवार-रविवारी वेर्निसाज नावाचा बाजार भरतो, रिपब्लिक स्क्वेअरपासून चालत पाच मिनिटं. गालिचे, लाकडी बुद्धिबळं, डाळिंबाचे दागिने, आणि मध्येच कोणीतरी जुनी हत्यारं चादरीवर मांडून बसलेलं. 2013 च्या हिवाळ्यात तिथे एका म्हाताऱ्यांच्या चादरीवर मला जंत्री दिसली. तार ओढायची पोलादी पट्टी, अगदी बाबांच्या गल्ल्याशेजारी टांगलेली असायची तशीच. मी सवयीने उचलली, मागच्या बाजूने बोट फिरवून भोकं चाचपली, उजेडाकडे धरून बघितली. एकही भोक लांबट झालेलं नव्हतं. मोडक्यातोडक्या आर्मेनियनमध्ये विचारलं की इतकी चांगली जंत्री विकताय का. ते आधी माझ्याकडे बघतच राहिले, आणि मग हसले ते थांबेचनात. म्हणाले, तीस वर्षांत हिला मागून चाचपणारं पहिलंच गिऱ्हाईक.

इथे उस्तादाला वार्पेत म्हणतात, मीही तेच म्हणते. ते ग्युमरीचे, आर्मेनियातलंच दुसरं शहर. 7 डिसेंबर 1988 च्या भूकंपात त्यांचं वर्कशॉप पडलं, ही जंत्री आणि एक छोटी ऐरण ढिगाऱ्यातून निघाली, बाकी काही नाही. मी ती विकत घेतली नाही. विकू नका म्हटलं, आणि पुढच्या रविवारी हुपरीहून आणलेली माझी फुंकणी आणि टाकणखाराची पुडी घेऊन गेले. ते मला बालेस जान म्हणायला लागले, म्हणजे माझं बाळ, ऐकायलाही बाळासारखंच वाटतं. 2014 ला आम्ही दोघांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली.

काम काय ते सांगते. तारकाम वार्पेतांचं, आणि सेवाद पण त्यांचंच. सेवाद म्हणजे चांदीवर कोरायचं आणि त्या खोबणीत चांदी, तांबं, शिसं, गंधक यांचं काळं मिश्रण वितळवून भरायचं, मग कानसून सपाट करायचं. वान शहराचे जुने कारागीर यात नावाजलेले. (अशा दागिन्याला टूथपेस्ट, चिंच, डिपचं पाणी काही लावू नका, मऊ फडकं पुरतं. आपल्या साध्या चांदीला मात्र रिठ्यासारखं दुसरं काही नाही.) वानाकात म्हणजे ऑब्सिडियन, ज्वालामुखीची काच, ती इथे रस्त्याच्या कडेला मिळते, लोक तिला सैतानाची नखं म्हणतात, तिचे डूल माझ्याकडे. आणि माराशचं (हे शहर आता तुर्कीत) भरतकाम, ते बघून तर मी उडालेच, कारण तो आपला सिंधी टाकाच! आधी धाग्याची चौकट घालायची आणि मग कापडात सुई न घालता वरच्यावर धागा त्यात विणत जायचा, शाळेत शिवणाच्या बाईंनी हाच शिकवलेला, मी तीनदा उसवलेला. आम्ही ते भरतकाम चांदीच्या चौकटीत बसवून पदकं करतो.

ग्लेंडेलच्या तातिक आमच्या पहिल्या ऑनलाइन गिऱ्हाईक. तातिक म्हणजे आजी, ग्लेंडेल अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या शेजारी, तिथे आर्मेनियन लोक भरपूर. त्यांची आई माराशची. त्यांना नातीसाठी पक्ष्यांच्या आकारातलं अक्षर हवं होतं, जुन्या हस्तलिखितांत असतं तसं. इथे अक्षरांचं फार कौतुक, मेस्रोप माश्तोत्स यांनी 405 साली 36 अक्षरं केली ती देवासारखी जपतात. आजी फोनवर म्हणाल्या ‘पेन’. मी ‘पे’ कापलं, तीन दिवस घालवून, चोचीसकट. पाठवल्यावर कळलं की त्या पश्चिमी आर्मेनियन बोलतात, आणि आमच्याकडे ज्या अक्षराला बेन म्हणतात त्यालाच त्या पेन म्हणतात, ब चा प आणि प चा ब! मी रडकुंडीला आले. त्यांनी चुकीचं अक्षर ठेवून घेतलं, दोन्हीचे पैसे दिले, आणि त्या चुकीच्या अक्षराचं नाव असलेली नात पुढे झाली तर बघू म्हणाल्या.

2015 ते 2019 बरं चाललं.

मग आमच्याकडे एक मुलगा होता, नाव नाही घेत. पॉलिश करायचा, फोटो चांगले काढायचा, मी त्याला डबा द्यायचे. 2021 च्या शरदात नोकरी सोडली, आणि महिन्याभरात वेर्निसाजला आमच्यापासून चौथ्या टेबलावर आमचेच डाळिंबाचे डूल, एक तृतीयांश किमतीत. रबराचा साचा काढून मेणावरून ओतलेले. मी एक जोडी विकत घेतली, कॅलिपर लावला, आमच्यापेक्षा किंचित लहान, कारण ओतीव नक्कल आक्रसतेच. आणि डाव्या डुलाच्या मुकुटाची एक पाकळी आखूड! ती माझी कानस घसरून झालेली चूक, जगात एकाच जोडीत होती. तीच त्याने शेकड्याने विकली. भांडायला गेले तर म्हणतो डाळिंब काय तुमच्या एकट्याचं आहे का. नाही, डाळिंब सगळ्यांचं, पण पाकळी माझी होती. तेव्हापासून सांगते, मास्टर पीस, म्हणजे ज्यावरून साचा निघतो तो मूळ नग, रात्री दुकानात ठेवू नका, घरी न्या, उशाखाली ठेवा.

आणि त्यातच 2022 आलं. लोकांना वाटतं युद्धानं मारलं असेल, 2020 च्या अझरबैजानशी झालेल्या त्या 44 दिवसांत दुकान बंदच होतं, पण तेव्हा सगळ्यांचंच बंद होतं. 2022 ला आम्हाला ड्रामनं, म्हणजे इथल्या चलनानं, मारलं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियातून लोक आणि पैसा आला, येरेवानची भाडी चढली, आमच्या घरमालकांनी दीड लाख ड्रामचे साडेतीन लाख मागितले, आणि ड्राम महाग होत गेला. मार्चमध्ये डॉलरला 500 च्या आसपास मिळत होते, वर्ष संपेपर्यंत 400 च्या आत. म्हणजे 40 डॉलरच्या डुलाचे आधी वीस हजार हातात यायचे ते सोळाही येईनात, आणि भाडं, वीज, वार्पेतांचा पगार सगळं ड्राममध्ये. विक्री तेवढीच आणि खिसा रिकामा, हे कोणाला समजावूनही पटत नाही. परदेशात माल विकणाऱ्यांनी चार महिन्यांचं भाडं तरी जिथे राहता तिथल्या चलनात बाजूला ठेवावं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात मी पाटल्या मोडल्या. आईच्या. इथल्या सोनाराने वजन केलं, वजनाचेच पैसे दिले, घडणावळ शून्य. त्या पाटल्यांवरची जाळी कोणी हाताने कापली होती हे सांगायला गेले तर काट्याकडे बोट दाखवलं. सोनाराच्या घरची मुलगी मी, मला काय नवीन आहे, पण तरी. रस्त्यात उभी राहून रडले.

वार्पेत म्हणाले, ग्युमरीला चल. त्यांच्या भाच्याचं काळ्या दगडाचं जुनं घर, खालची खोली रिकामी. येरेवानपासून सव्वाशे किलोमीटर, थंडी अशी की सकाळी पहिल्यांदा ऐरण शेकायची, मग हात. त्या डिसेंबरात ग्लेंडेलच्या तातिकनी त्यांच्या चर्चच्या बाजारासाठी साठ पदकं मागवली, पैसे आधी पाठवले, आणि वर चिठ्ठी, घाई करू नका. दोघांनी फेब्रुवारीपर्यंत बसून केली.

तो मुलगा आता वेर्निसाजला बसत नाही, त्याचं मॉलमध्ये दुकान झालंय. बोर्डवर ‘हस्तकला’ लिहिलंय.

आम्ही शनिवारी पहाटे ग्युमरीहून निघतो, टेबल मांडतो. वार्पेतांना 78 वं लागलंय, बारीक तार आता मी ओढते. जंत्रीचं शेवटून दुसरं भोक यंदा लांबट झालं. गेल्या आठवड्यात तातिकचा फोन आला, पणती झाली, अक्षर हवंय. यावेळी म्हटलं, तोंडी काही सांगू नका, कागदावर लिहा आणि फोटो पाठवा.