पन्नास किडे आणि एक चुकीचं लेबल

तिसऱ्या सेमिस्टरला कीटकशास्त्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी सांगून टाकलं : ५० कीटक, किमान १० गण (म्हणजे कीटकांचे मोठे गट), प्रत्येकाला लेबल, दिवाळीच्या सुट्टीनंतर सबमिशन. २०१९ चा जुलै होता. वर्गातल्या पोरी लगेच जाळीसाठी कापड कुठलं आणायचं ते ठरवायला लागल्या. आम्ही होस्टेलची पोरं मात्र निवांत. कारण होस्टेलला या दुखण्यावर परंपरागत औषध होतं. सिनियरची तयार पेटी विकत घ्यायची, लेबलं बदलायची, नवीन डांबरगोळ्या टाकायच्या. झालं कलेक्शन.

मी ४०० रुपयांना घेतली. काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, आत थर्माकोल, त्यावर ५३ किडे. तीन जास्तीचे म्हणून मी खूश. एका रात्रीत सगळी लेबलं स्वतःच्या नावाने लिहून काढली. तारखा मनाने टाकल्या. ठिकाण सगळ्यांना एकच, 'कॉलेज प्रक्षेत्र'.

ऑगस्टमध्ये सर म्हणाले, जेवढं झालंय तेवढं दाखवून जा. मी अख्खी पेटीच नेली. सरांनी झाकण उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कोपऱ्यातल्या एका चकचकीत हिरव्या किड्यावर बोट ठेवलं.

"हा माझ्या ओळखीचा आहे. चौथं वर्ष."

मी गप्प.

"नाव काय लिहिलंयस?"

"कोलिओप्टेरा, सर. भुंगेरा."

"पहिल्या वर्षी मी लाल पेनाने दुरुस्त करून दिलं होतं. हा भुंगेरा नाही, ढेकूण आहे. पुढच्याने लेबल बदललं आणि चूक तशीच उतरवली. त्याच्या पुढच्यानेही. आता तू." पेटी त्यांनी बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवली. "ही इथेच राहू दे. तू तुझे घेऊन ये."

चारशे रुपये गेले याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त डोक्यात बसला तो ढेकूण. ढेकूण म्हणजे आमच्या लेखी खाटेच्या फटीतला. हिरवाकंच, निळ्या झाकेचा, दागिन्यासारखा किडा ढेकूण कसा असेल? आपल्याला पकडलं म्हणून सर काहीतरी फेकतायत, असंच तेव्हा वाटलं.

त्या शनिवारी गावी गेलो. आईने जुन्या मच्छरदाणीतून जाळी शिवून दिली. रिंग जाड तारेची, साधारण फूटभर व्यासाची, दांडा खराट्याचा. मला वाटलं होतं पिशवी लहान असली तरी चालेल. आईने मात्र विचारलं, "आत गेलेला किडा बाहेर नाही का यायचा?" आणि पिशवी रिंगच्या दुपटीहून लांब ठेवली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण नियम तोच आहे. जाळी फिरवली की मनगट वळवायचं, म्हणजे पिशवी रिंगवर पडते आणि तोंड बंद होतं. आखूड पिशवीला हे जमत नाही.

मारायची बाटली हॉर्लिक्सच्या काचेच्या बरणीची. तळाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर थर, तो वाळला की त्यावर इथाइल ॲसिटेटचे थेंब. पुस्तकात पोटॅशियम सायनाइडची बाटली दिलेली असते. सरांनी आम्हाला ती फक्त लांबून दाखवली आणि कपाटाला कुलूप लावलं. फुलपाखरं आणि भुंगेरे एका बाटलीत टाकू नका, एवढं एक वाक्य ते तीनदा बोलले. मी टाकले. शेणकिडा मरेपर्यंत इतका धडपडला की फुलपाखराच्या पंखांवरची सगळी पूड त्याच्या अंगाला लागली. पंख काचेसारखे पारदर्शक आणि शेणकिडा पिवळा. दोन्ही वाया.

फुलपाखरांचं मी पुढे फारसं मनावर घेतलंच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत काही फुलपाखरंही आहेत आणि उडताना कोणतं कोणतं हे ओळखण्याइतकी माझी नजर नव्हती. दोन घेतली, तीही कोबीवर अंडी घालणारी पांढरी.

खरी लूट मिळायची हायवेवरच्या पेट्रोल पंपावर. पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी पंपाच्या दिव्याखाली किड्यांचा सडा असायचा. हुमणीचे तपकिरी भुंगेरे, रातकिडे, पतंग, एकदा तर गेंड्या भुंगाही. वॉचमनकाका आम्हाला खराटा द्यायचे, "नेता तर सगळेच न्या." तिथेच एकदा पालथ्या हाताएवढा चपटा, मातकट किडा फरशीवर पडलेला दिसला. झुरळाचा आजोबा असावा म्हणून मी चिमटीत उचलला. त्याने जे डसलं! बोटातून कळ थेट काखेपर्यंत गेली. तो पाण्यातला मोठा ढेकूण निघाला. तळ्यात राहतो, मासे-बेडूक धरतो, सोंड खुपसून त्यांना आतून पातळ करून शोषतो आणि रात्री दिव्याला उडत येतो. बोट दोन दिवस सुजलेलं होतं. ढेकणांना जबडा नसतो, सोंड असते, हे मी त्यानंतर कधी विसरलो नाही.

टाचण्यांचा एक घोळ आमच्या भाषेनेच घातला. नाजूक, काडीसारखा, पंख मिटून बसणारा जो किडा, त्याचं मराठी नावच टाचणी. रूममेट ओरडायचा, "टाचणीला टाचणी लाव रे!" साधी टाचणी महिनाभरात गंजते आणि किडा तिला चिकटून बसतो. त्यासाठी गंज न धरणाऱ्या खास लांब टाचण्या मिळतात. त्या महाग, म्हणून आम्ही पाच जणांनी मिळून एक पाकीट आणलं. कुठे टोचायचं तेही ठरलेलं आहे. भुंगेऱ्याला उजव्या पंखाच्या वरच्या भागात, ढेकणाला पाठीवरच्या त्रिकोणात, फुलपाखराला छातीच्या मधोमध, नाकतोड्याला मानेमागच्या ढालीवर उजवीकडे. उजवीकडेच का? एक बाजू अखंड राहावी म्हणून. डावी धरली असती तरी चाललं असतं, पण सगळ्यांनी उजवी धरली, म्हणून पेटी कुणाचीही असो, डावी बाजू बघायला शाबूत मिळते.

सप्टेंबरपर्यंत माझे ३१ झाले होते. नाकतोडे, एक प्रार्थना कीटक आणि तीन चतुर थर्माकोलवर पंख पसरून, कागदाच्या पट्ट्यांनी दाबून वाळत ठेवले होते. पावसाळी हवेत लवकर वाळेनात, म्हणून आठवडाभर तसेच. एका सकाळी उठून बघतो तर थर्माकोलवर फक्त पंख. धडं गायब. टेबलाच्या पायावरून लाल मुंग्यांची रांग शिस्तीत खाली चाललेली, प्रार्थना कीटकाचा एक पाय तिघी मिळून नेत होत्या. हायमेनॉप्टेरा, म्हणजे मुंग्या-मधमाश्यांचा गण, मिळत नाही म्हणून आम्ही बांधाबांधाने हिंडत होतो आणि तो गण रात्रभर आमच्याच खोलीत कामावर होता. आई दुधाचं भांडं पाण्याच्या परातीत ठेवते, ती युक्ती तेव्हा आठवली. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. पुन्हा तसं झालं नाही. आणि हो, त्यातल्या चार मुंग्या मी कागदाच्या टोकाला डिंकाने चिकटवून पेटीत घेतल्याच.

अळ्यांचं वेगळंच. अळी वाळवता येत नाही, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायची. आदल्याच वर्षी अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा कर्नाटकात सापडली होती आणि आता आमच्याकडच्या मक्याच्या पोंग्यांत, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, ती सर्रास दिसत होती. कपाळावर उलटा वाय, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. पहिल्या अळ्या मी तशाच अल्कोहोलमध्ये टाकल्या, त्या चार दिवसांत काळ्याठिक्कर. आधी गरम पाण्यात बुडवून काढायच्या असतात. दुसऱ्यांदा तसं केलं, अळ्या छान राहिल्या, पण आतलं लेबल बॉलपेनने लिहिलेलं होतं. अल्कोहोलने शाई धुऊन काढली. निळसर पाण्यात अळी आणि शेजारी कोरा कागद. आत टाकायचं लेबल पेन्सिलने लिहितात, हे मला बारक्या भावाने सांगितलं. त्याला कुठून माहीत, तर म्हणाला, "वही भिजली तरी पेन्सिल जात नाही."

तो हिरवा ढेकूण मला सप्टेंबरच्या शेवटी सापडला. कॉलेजच्या मागच्या कुंपणाला मोगली एरंड लावलेला आहे. त्याच्या हिरव्या फळांवर दहा-बारा जण एकमेकांना खेटून बसले होते. पानाआडून ऊन पडलं की हिरव्याचा निळा, निळ्याचा जांभळा. मी जाळी खाली ठेवली आणि हातानेच एक उचलला. आणि वास आला. एसटीच्या मुक्कामी गाडीतून कधी प्रवास केलेल्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही. बोटं साबणाने दोनदा धुतली तरी जेवताना येत राहिला. मग भिंग घेऊन बसलो. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कडक पंख मधोमध सरळ रेघेत मिळतात. याच्या पाठीवर रेघच नाही. मधला त्रिकोण वाढत वाढत शेपटापर्यंत गेलेला, आख्खी पाठ म्हणजे एकच ढाल. उलटा केला तर छातीखाली चार भागांची सोंड पायांमध्ये दुमडून ठेवलेली. चार वर्षं चार पोरांनी जो किडा दाखवला, त्यातल्या एकानेही तो उलटा करून पाहिला नव्हता. मीही नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा ४४ झाले होते. परसात चवळीवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, मातला होता आणि आप्पा फवाऱ्यात औषध कालवत होते. शेंड्यांवर मावा होताच, पण मध्ये मध्ये काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीच्या पिल्लासारख्या अळ्याही फिरत होत्या. आप्पा म्हणाले, "बघ, आता अळी पण पडली."

मला शंका आली. म्हटलं, "आप्पा, चार दिवस थांबता का?"

"तुझ्या परीक्षेसाठी मी चवळी घालवू?" असं म्हणाले खरं, पण पंप खाली ठेवला.

एक अळी माव्याच्या शेंड्यासकट काचेच्या बरणीत घातली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. रोज सकाळी नवीन शेंडा द्यायचो, संध्याकाळी तो स्वच्छ. अळी मावा असा धरायची, की त्याचे पाय हवेत हलत राहायचे आणि पोट हळूहळू रिकाम्या पिशवीसारखं बसायचं. तिसऱ्या दिवशी तिने शेपूट काचेला चिकटवलं आणि कुबड काढून गप्प झाली. आणखी चार-पाच दिवसांनी, भाऊबीज होऊन गेल्यावर, सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "तुझ्या बरणीत काहीतरी पिवळं आलंय." अंगावर एकही खूण नाही, नुसता फिकट पिवळा, ओला गोळा. हा कुठला आता? दुपारी जेवून आलो तोवर त्याच्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा उमटायला लागल्या होत्या, जशा जुन्या फोटोवाल्याच्या पाण्यात चित्र उमटायचं तशा. संध्याकाळपर्यंत तो सरळ सरळ ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, झाला होता, शाळेच्या पुस्तकातला, गोड दिसणारा. आप्पांनी बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "म्हणजे हीच अळी आपण मारत होतो?" मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत. फवारा दिवाणाखाली सरकवला. चवळीचं पुढे काय झालं विचाराल तर थोडी गेली, थोडी राहिली.

तो ढालकिडा मात्र मी मारला नाही. पन्नासचे ४९ भरले होते, तरी नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. रूममेटच्या पेटीत मधोमध लालभडक मखमली मृगाचा किडा होता, गावाहून काडेपेटीत घालून आणलेला. त्याला सर्वांत सुंदर म्हणून मानाची जागा. परीक्षक एवढंच म्हणाले, "पाय मोज." तो मोजत गेला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. आठ. मृगाचा किडा कीटक नाहीच, तो कोळ्या-गोचिडांच्या घरचा. माझ्याकडे येऊन त्यांनी हिरवा ढेकूण उचलला.

"गण?"

"हेमिप्टेरा. ढेकणांचा."

"कशावरून?"

सोंड, पाठीवरची ढाल सांगितली आणि तोंडातून निघून गेलं, "वास येतो, सर." ते हसले आणि पुढे गेले. आमचे सर मागे उभे होते. त्यांनी वाकून लेबल वाचलं : मोगली एरंड, कुंपण, तारीख, महिना रोमन आकड्यात, माझं नाव. पेटीचं त्यांनी पुढे काही काढलं नाही. आमच्या बॅचला २० पैकी १७ हे सर्वांत जास्त होते, मला १५ पडले. पंखांची मांडणी वाकडी होती, ते खरंच होतं.

दोन वर्षांनी एका ज्युनियरचा फोन आला. "दादा, पेटी द्या ना, ५०० देतो." मी ठामपणे नाही म्हटलं. खरं सांगायचं तर देण्यासारखं काही उरलंही नव्हतं. लॉकडाऊनमध्ये पेटी होस्टेलवर राहिली, डांबरगोळ्या विरून गेल्या आणि वाळके किडे खाणाऱ्या बारीक केसाळ अळ्यांनी आतलं सगळं भुकटी करून ठेवलं. टाचण्या उभ्या, टाचण्यांना लेबलं, किडे नाहीत. त्या अळ्याही भुंगेऱ्याच्याच, म्हणजे कोलिओप्टेरा अखेर बरोबर निघाला.

त्या ज्युनियरला मी जाळी दिली. मच्छरदाणीची, आईने शिवलेली, दांडा तेवढा नवीन. त्याने तोंड वाकडं करून घेतली. आठवड्याने पुन्हा फोन.

"दादा, चतुर हाताला लागतच नाही. जाळी वळवेपर्यंत निसटतो."

"किती वाजता जातोस?"

"दुपारी. प्रॅक्टिकल संपलं की."

"सकाळी सहाला जा तळ्यावर. पंखांवर दव असेपर्यंत त्याला उडता येत नाही."